७२ मेगाहर्ट्झचं पाणी कुठे मुरतंय?

खटका

मंडळी, एका कोड्यात अडकलोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेतीपंपाच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटरचा कंट्रोलर करतोय. चिप एसटीएम३२एफ१०३, म्हणजे कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झवर. करंट कंट्रोल २० किलोहर्ट्झच्या इंटरप्टमध्ये (बाकी काम थांबवून आधी उरकायच्या कोडमध्ये) चालतो, म्हणजे दर फेरीला हातात ३६०० सायकल. तेवढ्यात एडीसी (मोजलेल्या करंटचा आकडा) वाचायचा, ६४ टॅपचा एक एफआयआर फिल्टर (६४ गुणाकार आणि त्यांची बेरीज) फिरवायचा, क्लार्क-पार्क (तीन फेजच्या करंटचं रूपांतर), दोन पीआय (चूक भरून काढणारे कंट्रोलर) आणि शेवटी पीडब्ल्यूएम (मोटरला जाणाऱ्या पल्सची रुंदी) भरायचा. सगळं पूर्णांकात, फ्लोट औषधालाही नाही. चिपमधल्या डीडब्ल्यूटीच्या सायकल काउंटरने मोजलं तर २९०० च्या आसपास भरतं. म्हणजे चाललंय बरं.

परवा यूआर्टच्या (सीरियल पोर्टच्या) फाइलमध्ये एक डीबग मेसेज वाढवला. इंटरप्टशी त्याचा काडीचा संबंध नाही. मोजताना तर यूआर्ट बंदच ठेवलं होतं. तरी इंटरप्ट १३० सायकलने लांबला! मेसेज काढला की परत २९००, घातला की परत १३० जास्त. कंपायलर तोच, ऑप्टिमायझेशन तेच, फिल्टरचा असेम्ब्ली कोडही ताडून पाहिला, अक्षर न् अक्षर तोच.

साहेबांचं म्हणणं, "४०० मेगाहर्ट्झवाला घ्या, वाद मिटला." पण बोर्डाची किंमत गिऱ्हाइकाशी ठरून बसलीय. एकच कोड, एकच क्लॉक, मग वेळ वेगळा कसा?

---

बेरकी

बोर्डाला लिंबू-मिरची बांधा. शनिवारी बदला.

---

अर्धवाहक

बेरकी, 😄

खटका, १३० ला ६४ ने भागून बघा. जवळजवळ बरोब्बर दोन. आता एफ१०३ च्या मॅन्युअलमध्ये फ्लॅशचं (कोड साठवणाऱ्या मेमरीचं) पान उघडा. २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य वेट स्टेट (फ्लॅशची वाट बघण्यात जाणारे क्लॉक), ४८ पर्यंत एक, ७२ पर्यंत किती? दोन. फिल्टरच्या लूपच्या प्रत्येक फेरीला तुमचा प्रोसेसर दोन क्लॉक हात चोळत बसतोय, आणि ते त्या मेसेजमुळेच होतंय.

तुमच्या लूपचा कोड न बघताच सांगते, साधारण असा असणार: दोन लोड (पॉइंटर पुढे सरकवणारे, म्हणून ३२ बिटांचे), एक एमएलए (गुणाकार-बेरीज, तोही ३२ बिटांचा), मग काउंटर कमी करणारी एक आणि मागे उडी मारणारी एक, या दोन्ही १६ बिटांच्या. एकूण १६ बाइट. या चिपची फ्लॅश एका वाचनात ६४ बिट देते, म्हणजे ८ बाइट. लूप ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू झाला तर दोन वाचनांत सगळा हाती येतो. आता तुमच्या मेसेजने आधीचा कोड चार बाइटने पुढे सरकला असं धरा. लूपची पहिली इन्स्ट्रक्शन ८ बाइटच्या गठ्ठ्यात अगदी शेवटी जाऊन बसते. उडी मारून आपण तिथे पोचतो, दोन वेट स्टेट भरतो, आणि हाताला लागते एकच इन्स्ट्रक्शन. ती पचते न पचते तोच पुढचा गठ्ठा हवा असतो, आणि तो अजून यायचाच असतो. पुन्हा थांबा.

प्रीफेच बफर (८ बाइटचे दोन कप्पे) सरळ जाणाऱ्या कोडला बरंच सांभाळून घेतो. पंगतीत वाढपी जसा पानातलं संपायच्या आत पुढचा वाढप घेऊन हजर असतो, तसं त्याचं काम. पण उडी मारली की पाहुणा उठून भलत्याच पंगतीत जाऊन बसतो आणि वाढपी जुन्याच पानासमोर.

लिंकरची मॅप फाइल काढा. दोन्ही बिल्डमध्ये त्या फंक्शनचा पत्ता बघा, आणि डिसअसेम्ब्लीत लूपच्या पहिल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता. पत्ता हेक्समध्ये असतो (० ते ९, मग ए ते एफ); शेवटचा आकडा ० किंवा ८ असेल तिथे २९००, एरवी ३०३०. पैज लावायला तयार आहे.

---

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

मॅडम, बेसिक प्रश्न आहे, हसू नका. प्रोसेसर ७२ ला पळतो तर त्याच चिपमधली फ्लॅश २४ लाच का अडते? दोन्ही एकाच सिलिकॉनवर आहेत ना?

---

अर्धवाहक

हसण्यासारखं काहीच नाही, इथेच तर सगळी मेख आहे.

लॉजिक गेट म्हणजे नुसते स्विच, ते झटकन उघडझाप करतात. फ्लॅशच्या सेलमध्ये मात्र चार्ज साठवलेला असतो, आणि तो आहे की नाही हे त्या सेलमधून वाहणाऱ्या बारीकशा करंटवरून ओळखायचं असतं. लांबलचक बिटलाइनवर तो करंट स्थिरावायला आणि सेन्स अॅम्प्लिफायरने निकाल द्यायला वेळ लागतो. २४ मेगाहर्ट्झचा एक क्लॉक म्हणजे साधारण ४२ नॅनोसेकंद, ७२ चा १४. फ्लॅशला एवढ्या घाईत जमत नाही.

मग चिपवाले काय करतात? वेग वाढत नाही तर रुंदी वाढवतात. एका वेळी ३२ ऐवजी ६४ किंवा १२८ बिट वाचायचे. एलपीसी२१४८ आठवतो का कुणाला? एआरएम७, ६० मेगाहर्ट्झ. त्यातलं एमएएम म्हणजे हेच: १२८ बिटांची फ्लॅश, वर तीन बफर. एक पुढचं आणून ठेवणारा, एक उडीनंतरचं लक्षात ठेवणारा आणि एक डेटाचा.

एसटीएम३२एफ४०७ मध्ये हीच कल्पना आणखी पुढे नेलीय. १६८ मेगाहर्ट्झला तिथे पाच वेट स्टेट लागतात, म्हणजे उघड्यावर सोडलं तर दर वाचनाला सहा क्लॉक. म्हणून १२८ बिटांच्या फ्लॅशसमोर त्यांनी एक छोटी कॅश (नुकतं वाचलेलं हाताशी ठेवणारी झटपट मेमरी) बसवली: इन्स्ट्रक्शनसाठी ६४ ओळी, डेटासाठी ८, आणि प्रत्येक ओळ १२८ बिटांची. म्हणजे इन्स्ट्रक्शनसाठी जेमतेम एक किलोबाइट. पण कंट्रोल लूपसारखा छोटा कोड तेवढ्यात आरामात मावतो, आणि एकदा आत आला की फ्लॅशचं तोंडही बघावं लागत नाही.

---

जुना_खिळा

एलपीसी२१४८ चं नाव काढलंत आणि कॉलेजची लॅब आठवली. एमएएम चालू न करता प्रॅक्टिकल दाखवणारी पोरं आणि "एआरएम स्लो आहे" म्हणणारे मास्तर. असो.

डिप्लोमावाल्या, तुझ्यासाठी थोडं मागचं सांगतो, म्हणजे पाइपलाइन का आली ते कळेल. मूळ ८०५१ मध्ये (जुनी आठ बिटांची चिप) एक मशीन सायकल म्हणजे १२ क्लॉक. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला की साध्यातली साधी इन्स्ट्रक्शन एक मायक्रोसेकंद खायची. गुणाकार चार मशीन सायकलचा, म्हणजे ४८ क्लॉक, आणि तोही आठ बिटांचा! आज खटकाच्या चिपमध्ये ३२ बिटांचा गुणाकार एका क्लॉकमध्ये होतो. हे काही नुसत्या मेगाहर्ट्झने झालेलं नाही.

त्या १२ क्लॉकमध्ये चिप आणायची, उलगडायची, करायची, आणि बहुतेक वेळ एक भाग राबत असताना दुसरा रिकामा. पाइपलाइनने ते रिकामपण काढून टाकलं. एव्हीआरमध्ये (हीही आठ बिटांची चिप) दोन टप्पे: एक इन्स्ट्रक्शन चालू असताना पुढची फ्लॅशमधून येत असते, म्हणून बहुतेक इन्स्ट्रक्शन एका क्लॉकच्या. एआरएम१ मध्ये १९८५ सालीच तीन टप्पे होते (फेच, डिकोड, एक्झिक्यूट) आणि कॉर्टेक्स-एम३ मध्येही तीनच आहेत. एकेका इन्स्ट्रक्शनला तीन क्लॉक लागतातच, पण दर क्लॉकला एक बाहेर पडते. नंतर ८०५१ चेही सिंगल क्लॉकवाले अवतार आले, इन्स्ट्रक्शन सेट जुनाच आणि पोटात पाइपलाइन.

भानगड होते उडी मारताना. आत घेतलेल्या पुढच्या दोन इन्स्ट्रक्शन फुकट जातात, पाइपलाइन पुन्हा भरावी लागते. एम३ मध्ये त्याचा दंड १ ते ३ क्लॉक. जितके टप्पे जास्त तितका दंड मोठा. म्हणून तर कॉर्टेक्स-एम०+ काढताना त्यांनी टप्पे तीनाचे दोन केले. उडीला कमी फुकट जातं आणि बॅटरीही वाचते. टप्पे वाढवणं म्हणजेच प्रगती, असं पुस्तकात वाचून येतात लोक. या धंद्यात उलटंही चालतं.

---

बेरकी

एवढं कशाला? फिल्टरचं फंक्शन रॅममध्ये टाका. रॅमला वेट स्टेट शून्य. हाकानाका.

---

अर्धवाहक

एम३ वर इतकं सोपं नाही हो, इथे भलेभले फसतात.

एम३ ला बाहेर जाणाऱ्या तीन बस आहेत. कोडच्या भागातून (पत्ते ०x२००००००० च्या खालचे) इन्स्ट्रक्शन आणायला आय-कोड, त्याच भागातला डेटा वाचायला डी-कोड, आणि बाकी सगळ्यासाठी सिस्टीम बस. फ्लॅश पहिल्या दोघींवर, रॅम तिसरीवर. कोड फ्लॅशमध्ये आणि डेटा रॅममध्ये असला की दोन रस्ते एकाच वेळी वाहतात. हाच तर हार्वर्ड रचनेचा फायदा. कोड रॅममध्ये नेला की इन्स्ट्रक्शन आणि डेटा एकाच सिस्टीम बसवर धक्काबुक्की करतात. शिवाय सिस्टीम बसवरून इन्स्ट्रक्शन आणताना मध्ये एक रजिस्टर पडतो, त्याचा एक क्लॉक वेगळा. दर फेरीला दोन लोड मारणाऱ्या एफआयआरसारख्या लूपला तर हे हमखास महाग पडतं. कधी फायदा होतो, कधी तोटा. मोजल्याशिवाय बोलू नये.

जिथे रॅममधून कोड चालवायची खास सोय केलेली असते, तिथली गोष्ट वेगळी. एसटीएम३२जी४ मधली सीसीएम रॅम इन्स्ट्रक्शनच्या बसला जोडलेली आहे (जी४३१ मध्ये १० केबी), करंट लूप तिथे टाकला की वेट स्टेटचं नावच नको. आणि गंमत म्हणजे एफ४०७ मध्येही ६४ केबी सीसीएम आहे, पण ती फक्त डेटाची. तिथून कोड चालतच नाही. नाव एक, स्वभाव दोन.

खटका, तुमच्यासाठी उलटा उपाय सुचवते. साइनचा टेबल कुठे ठेवलाय? कॉन्स्ट म्हणून फ्लॅशमध्ये असेल तर तो रॅममध्ये हलवा. डी-कोडचं वाचन प्रीफेचच्या आधी नंबर लावतं. म्हणजे टेबलातली एक किंमत वाचायला गेलात की ती स्वतः दोन क्लॉक थांबतेच, वर पुढच्या इन्स्ट्रक्शनलाही अडवून ठेवते.

---

मीनाक्षी_पी

वाचतेय. मस्त धागा. आमच्याकडे आरपी२०४० आहे, दोन एम०+ कोअर. त्याला तर आत फ्लॅशच नाही. बाहेरच्या क्यूएसपीआय फ्लॅशमधून १६ केबी कॅशमार्गे चालतो. कॅशमध्ये नसलं की सीरियल तारेवरून आणायचं, तो खड्डा डझनावारी क्लॉकचा. तिथे मात्र बेरकींचा सल्ला लागू पडतो: २६४ केबी रॅम सहा बँकांत वाटलेली आहे, महत्त्वाचं फंक्शन रॅममध्ये टाकलं की फरक डोळ्यांना दिसतो.

रच्याकने, एम०+ ला भागाकाराची इन्स्ट्रक्शनच नाही, म्हणून त्यांनी भागाकार करणारं वेगळं हार्डवेअर बाजूला बसवलंय. आठ क्लॉकमध्ये उत्तर. ही आयडिया मला फार आवडली.

---

बेरकी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

स्टुटगार्टकर

मी गाडीच्या ब्रेक कंट्रोलवर काम करतो, त्यामुळे जरा वेगळा सूर लावतो.

खटकाच्या साहेबांना ४०० मेगाहर्ट्झवाला हवाय. म्हणजे बहुधा कॉर्टेक्स-एम७. चिप उत्तमच: सहा टप्प्यांची पाइपलाइन, एका क्लॉकला दोन इन्स्ट्रक्शन सोडते, ब्रँच प्रेडिक्टर आहे, इन्स्ट्रक्शन आणि डेटाच्या वेगळ्या कॅश आहेत. लूपच्या शेवटची उडी तर तिथे जवळजवळ फुकट पडते, कारण मागे जायचंय हे तिला आधीच ठाऊक असतं.

पण हे सगळे सरासरी सुधारणारे उपाय आहेत. आमच्याकडे सरासरीला कुणी विचारत नाही. ५० मायक्रोसेकंदांचा लूप ५० मध्ये दर वेळी संपला पाहिजे, दहा लाखांत एकदा जरी ५५ लागले तरी फेल. कॅशचा स्वभावच असा की शंभरदा झटपट आणि एकदा, मधे दुसऱ्याच कामाने ओळी बळकावल्यावर, चांगलाच उशीर. तो "एकदा" टेस्टिंगमध्ये सापडेलच याची खात्री नाही.

म्हणून एम७ मध्ये कॅशच्या जोडीला टीसीएम दिलीय: कोअरला थेट चिकटलेली रॅम, वेट स्टेट नाही, कॅश नाही, आज जेवढा वेळ लागला तेवढाच वर्षभराने. आम्ही इंटरप्ट, व्हेक्टर टेबल (कुठल्या इंटरप्टला कुठे जायचं त्याची यादी) आणि स्टॅक तिथे ठेवतो, आणि डिस्प्ले, लॉगिंग, कम्युनिकेशन यांना कॅश मोकळी सोडतो. महागडा एम७ घेऊन सगळा कोड फ्लॅशमध्येच ठेवणारे पाहिलेत, म्हणून सांगतोय.

आणि डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवणारं हार्डवेअर) वापरत असाल तर डेटा कॅश चालू करण्याआधी दोनदा विचार करा. डीएमएने रॅममध्ये नवा एडीसी डेटा टाकला तरी प्रोसेसर कॅशमधली जुनी किंमतच वाचत बसतो. ३२ बाइटच्या ओळीवर बफर अलाइन करा, वाचायच्या आधी ती ओळ इन्व्हॅलिडेट करा, नाहीतर तेवढा भाग एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारं हार्डवेअर) नॉन-कॅशेबल करा.

---

जुना_खिळा

स्टुटगार्टकर, १००% सहमत. "हमीचा वेग" हा शब्द वापरतो मी.

इंटरप्टचं बोलतोच आहोत तर एक जुनी युक्ती सांगतो. ८०५१ ला रजिस्टरचे चार बँक होते. इंटरप्टमध्ये शिरताना स्टॅकवर काही ढकलायचं नाही, दोन बिट बदलायचे आणि दुसरा बँक घ्यायचा. एआरएम७ च्या एफआयक्यूला (झटपट इंटरप्टला) आर८ पासून पुढची स्वतःची रजिस्टर होती, त्यामागेही हाच हेतू.

एम३ ने बँक सोडून दिले आणि हे काम हार्डवेअरकडे दिलं. आठ रजिस्टर आपोआप स्टॅकवर जातात, आणि ते जात असतानाच दुसऱ्या बसने व्हेक्टर वाचला जातो, म्हणून १२ क्लॉकमध्ये पहिली इन्स्ट्रक्शन (मेमरीला वेट स्टेट नसले तर). एक इंटरप्ट संपता संपता दुसरा दारात उभा असेल तर आठ रजिस्टर उतरवून पुन्हा चढवत बसत नाही, सहा क्लॉकमध्ये थेट दुसऱ्याकडे. याला टेल-चेनिंग म्हणतात. माझ्या मते एम३ मधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. तिचं कौतुक मात्र फारसं होत नाही, कारण बेंचमार्कच्या आकड्यात ती दिसत नाही.

---

शून्य_एक

फिल्टर हेच दुखणं असेल तर एम४ का नाही? सगळे क्लॉक वाढवायच्या आणि मेमरीच्या गप्पा मारताहेत. तिसरा रस्ता म्हणजे एका इन्स्ट्रक्शनमध्येच जास्त काम. एम३ मध्ये एमएलए दोन क्लॉकचा, एम४ मध्ये गुणाकार-बेरीज एका क्लॉकची. त्यातही डेटा १६ बिटांचा असेल तर एसएमएलएडी ही इन्स्ट्रक्शन एका फटक्यात दोन गुणाकार करून दोन्ही बेरजेत टाकते. एडीसी १२ बिटांचाच आहे ना? मग ६४ टॅपला ३२ फेऱ्या, आणि दोन नमुने एकाच लोडमध्ये येतात.

जी४ (तोही एम४च) घेतलात तर साइन-कोसाइनसाठी कॉर्डिकचं वेगळं हार्डवेअर आहे, टेबलच नको. आणि एफआयआरसाठी एफमॅक.

एक इशारा. एम४ चं एफपीयू (फ्लोटचं गणित करणारा भाग) फक्त सिंगल प्रिसिजन आहे. ०.५ च्या पुढे एफ लावायचा राहिला की कंपायलर तो डबल धरतो, आणि सगळं गणित गुपचूप सॉफ्टवेअर लायब्ररीत जातं. एफपीयू आहे, चालूही आहे, आणि तरी लूप रांगतोय, अशी तक्रार घेऊन दर महिन्याला कुणीतरी येतंच.

---

डिप्लोमा_दुसरं_वर्ष

सगळ्या दादा-काका-मॅडमना धन्स! लॅबमधला ब्लू पिल बोर्ड (त्यातही एफ१०३च) घेऊन लूपच्या आधी एक-एक नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) वाढवत मोजलं. नॉप दोन बाइटचा. चार नॉपनंतर आकडे पुन्हा तेच येतात! म्हणजे ८ बाइटचं चक्र खरंच दिसतं. आमच्या सरांना दाखवलं तर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही.

रिस्क-व्ही (खुला इन्स्ट्रक्शन सेट) वर पण असंच असतं का? सीडॅकच्या वेगा प्रोसेसरबद्दल वाचलं होतं.

---

अर्धवाहक

शाब्बास! यावर सेमिनार दे.

सीडॅकचं मुख्यालय पुण्यात, पण वेगा हे त्यांच्या तिरुवनंतपुरम केंद्राचं काम. त्यांच्या तेजस३२ चिपमध्ये तीन टप्प्यांची सरळ पाइपलाइन आहे, १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी एसरॅम. इन्स्ट्रक्शन सेट कुठलाही असो, मेमरीचं गणित बदलत नाही. कोड रॅममधून चालत असेल तर हा वेट स्टेटचा खेळ नाही, बाहेरच्या फ्लॅशमधून असेल तर मीनाक्षींनी सांगितलेली कथा.

---

खटका

अर्धवाहक, पैज जिंकलात. हळू बिल्डमध्ये लूपच्या पत्त्याचा शेवट सी, वेगवान बिल्डमध्ये ८. मेसेजने बरोबर चार बाइट सरकवले होते.

लूप ८ बाइटवर अलाइन करायचा पर्याय त्या एका फाइलला दिला. मग लूपच उलगडला, एका फेरीत चार टॅप. उड्या ६४ च्या १६ झाल्या. साइनचा टेबल रॅममध्ये हलवला, त्याने थोडंच वाचलं, पण वाचलं. एकूण इंटरप्ट आता २६५० च्या आसपास, आणि मेसेज घाला नाहीतर काढा, हलत नाही.

साहेबांना स्टुटगार्टकरांचा प्रतिसाद छापून दिला. पुढच्या मॉडेलला जी४ बघू म्हणालेत, या मॉडेलला हाच.

---

स्टुटगार्टकर

झकास. एकच करा: फाइलच्या पर्यायावर विसंबू नका, कंपायलर बदलला की लूपची मांडणीच बदलू शकते. फिल्टरचा तो गाभा असेम्ब्लीत लिहून अलाइनची सूचना त्याच्यातच घाला, आणि सायकल काउंटरने आलेला सगळ्यात मोठा आकडा रॅममध्ये जपून ठेवा. बिल्ड पास करताना तो ३६०० शी नाही, २८०० शी ताडायचा. ओलांडला की बिल्ड नापास. मग कुणी मेसेज घालो की कंपायलर बदलो, त्याच दिवशी कळेल.

---

बेरकी

म्हणजे लिंबू-मिरची रद्द?